वीजकाचेचे आठ तुकडे

दातांचा दवाखाना रविवारी बंद असतो. म्हणजे पेशंटना बंद. बाहेरच्या खोलीत मात्र दर पंधरा दिवसांनी दुपारी दोनला चार माणसं जमतात, जुनी मासिकं जमिनीवर ठेवतात, बुटक्या टेबलावर नकाशा पसरतात आणि दिवेलागणीपर्यंत राक्षस मारतात. चौघांच्या वयाची बेरीज सव्वादोनशेच्या पुढे जाते. कुणी विचारलंच तर ‘मीटिंग आहे’ म्हणायचं, असं ठरलेलं आहे.

खेळ कळायला सोपा आहे. एक जण सूत्रधार. समोर गुहा आहे, आतून घुरघुर ऐकू येते, सांगा काय करता, असं तो विचारतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन बसलेले असतात. ते काय करायचं ते सांगतात, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. इथली सूत्रधार होती धाकटी. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात तिची वीस वर्षं गेलेली, त्यामुळे तिनं नुसतं ‘दार उघडतं’ म्हटलं तरी माणूस सामान गोळा करायला लागायचा. समोर तिघं. कोपऱ्यावरचा शिंपी, सगळ्यांचा मास्तर, ढाल-तलवारवाला योद्धा होता. त्याचे दोन योद्धे आजवर मेले होते आणि तिसरा कसाबसा तग धरून होता. ज्याचा दवाखाना तो दंतवैद्य आग फेकणारा जादूगार. आणि तिसरी, धाकटीची सख्खी मोठी बहीण, जखमा भरणारी जादूगारीण. घरात तिला सगळे थोरली म्हणायचे, इथे मात्र ती स्टोअरबाई होती.

थोरलीनं एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाचं स्टोअर सांभाळलं होतं. सलाईनच्या बाटल्या, कापसाची बंडलं, टाके घालायचा दोरा, प्रत्येकाचं फळीला अडकवलेलं कार्ड. कार्डावर आवक, जावक, शिल्लक, आणि शेवटचा रकाना घेणाऱ्याच्या सहीचा. मग एक दिवस यंत्र आलं. खोक्यांवरच्या काळ्या पट्ट्यांवर दिवा धरला की ते टीं करायचं आणि साठा आपोआप कमी व्हायचा. तिची कार्डं पोत्यात भरून रद्दीत गेली, पाठोपाठ तीही निवृत्त झाली. दोन महिने घरात बसून ती डाळीचे डबे मोजत राहिली. ते बघवेना म्हणून धाकटी तिला ओढत खेळाला घेऊन आली.

पहिल्या दिवशी थोरलीला हा पोरखेळच वाटला. पण प्रत्येक मंत्राला काही ना काही साहित्य लागतं, आगीच्या गोळ्याला गंधक, जखमेला मध, उडायला घारीचं पीस, हे ऐकताच ती ताठ बसली.

“म्हणजे साठा कोण बघतं?” तिनं विचारलं.

कुणीच बघत नव्हतं. दंतवैद्य मनाला येईल तितकी आग फेकत होता. पुढच्या खेपेला थोरली एक खणांचा डबा, शिंप्याकडची रंगीत बटणं आणि कार्डांचा गठ्ठा घेऊन हजर झाली. पिवळं बटण म्हणजे गंधक, तांबडं म्हणजे मध. खर्च झालं की बटण डब्याबाहेर, नोंद कार्डावर. धाकटीला ही कल्पना इतकी आवडली की तिनं डब्याच्या झाकणाला आतून स्वतःच्या हातानं कागद चिकटवला. साहित्य नाही तर मंत्र नाही. मंत्र फसला तरी साहित्य गेलं. नियम सगळ्यांना सारखे.

यातला दुसरा नियम दंतवैद्यामुळे आला होता. त्याचा आगीचा गोळा एकदा फुसका निघाला, तेव्हा ‘फसलं तर गंधक परत द्या’ म्हणून त्यानं अर्धा तास वाद घातला. धाकटीनं ऐकलं नाही. तेव्हापासून त्याचा मोजदादीवर राग. त्यानं सहीच्या रकान्यात कधी सही केली नाही. दोन वर्षं झाली, त्याच्या गंधकाच्या कार्डावर तो रकाना कोरा होता.

त्या रविवारी सत्तेचाळिसावी बैठक होती आणि दोन वर्षं चाललेला डाव संपणार होता. थोरली पाऊण तास आधी आली. पिशवीच्या तळाशी तिनं एक खास वस्तू आणली होती, इस्पितळाच्या रद्दीतून वाचवलेली पन्नास कोरी कार्डं, अजून दोरीही न सुटलेली. पुढच्या डावासाठी. सगळे जमल्यावर ती पिशवीत हात घालणार एवढ्यात दंतवैद्यानं घसा खाकरला.

“आज संपलं की पुढच्या डावाला ही मोजदाद नको, असं मला वाटतं,” तो म्हणाला. “बाई, राग मानू नका. पण जादूगार आहे मी, किराणा दुकानदार नाही. दात कोरून पोट भरत नाही हो.”

“हे तुम्ही बोलावं?” शिंपी म्हणाला. “तुमचं तर दात कोरूनच भरतं.”

सगळे हसले. थोरलीही हसली, पण तिचा हात पिशवीतच राहिला. धाकटीनं बहिणीकडे न बघता नकाशाची घडी उलगडली.

“ताई, डॉक्टर म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे,” ती म्हणाली. “गोष्ट रंगात आली की तू शिल्लक सांगतेस. सगळं थांबतं. असं करू, आज शेवट आहे. मोजण्याचा काही उपयोग झालेला आज दिसला, तर ठेवू. नाहीतर पुढच्या वेळेपासून सुटसुटीत खेळू. चालेल?”

“चालेल की,” थोरली म्हणाली, आणि तिनं गठ्ठा आणखी खाली सारला.

चालणार नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याची लाजही वाटली. साठीच्या बाईनं बटणांसाठी डोळ्यांत पाणी आणायचं म्हणजे काय? पण बटणं काढून घेतली तर या टेबलाशी आपलं काम काय, हेही तिला कळेना. यंत्रानं एकदा उठवलं होतं. आता माणसं उठवत होती, तीही आपलीच.

डाव सुरू झाला आणि पाच मिनिटांत ते सगळं मागे पडलं. कारण समोर आत्याबाई होती.

आत्याबाई म्हणजे या डावाची खलनायिका. धाकटीनं तिला भारदस्त नाव दिलं होतं, पण ते शिंप्याच्या जिभेवर बसेना. ती भेटेल त्याला नावं ठेवते, तर ही आपली आत्याबाईच, असं तो म्हणाला आणि नाव चिकटलं. टेबलावर तिच्या जागी दंतवैद्याकडची प्लास्टरची एक अक्राळविक्राळ दाढ उभी असायची. पण हसण्यावारी नेण्यासारखी ती नव्हती. तिच्याकडे वज्रपाताचा मंत्र होता. बोट रोखायचं, शब्द उच्चारायचा, समोरचा मेला. वाचण्यासाठी त्याला फासा टाकायचीही सोय नाही. शिंप्याचे दोन्ही योद्धे तसेच गेले होते. नदीवरचा पूल, वेशीचा बुरूज, थोरलीच्या जादूगारिणीचं लाडकं खेचर, सगळं वज्रपातानं गेलं होतं.

त्या दुपारी तिघं किल्ल्याच्या तळघरातून शिरले. दंतवैद्याकडे गंधकाच्या चार गोळ्या होत्या. एक बोळात उडाली, एक पहारेकऱ्यांवर. “दोन राहिल्या,” थोरली हळूच म्हणाली आणि दंतवैद्यानं छताकडे बघून सुस्कारा सोडला. शिंप्यानं उभं राहून फासा टाकला, साखळदंड तुटला, जिना मोकळा झाला. थोरलीनं शेवटचा मध त्याच्या जखमेवर घातला आणि तांबडं बटण डब्याबाहेर ठेवलं. तिघं धावत गच्चीवर पोहोचले. लवंगेच्या तेलाचा वास येणाऱ्या त्या खोलीत तिघांनाही खरोखर धाप लागली होती.

धाकटीनं दाढ नकाशाच्या मधोमध ठेवली. आवाज खाली आणला.

“ती तुमचीच वाट बघते आहे. तिचं बोट वर झालंय. वज्रपाताचा शब्द तिच्या ओठांवर आहे. ती म्हणते, किल्ली माझ्या पायाशी टाका आणि चालते व्हा. पुढे पाऊल टाकाल तर तिघांची राख होईल.” तिनं वाळूचं घड्याळ उलटं केलं. “एवढी वाळू पडेपर्यंत सांगा. काय करता?”

किल्ली म्हणजे दोन वर्षांची कमाई होती. ती टाकली तर डाव हरला, पण जीव वाचला.

“टाकू या,” शिंपी लगेच म्हणाला. “तिसरा योद्धा आहे हा माझा. चौथ्याची बाहुली रंगवायला आता डोळे साथ देत नाहीत.”

“टाकावीच लागेल,” दंतवैद्यही म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. “दुसरा मार्गच नाही.”

 थोरलीनं तोवर डबा पुढे ओढला होता आणि ती कार्डं चाळत होती. गंधक, मध, पिसं, मेण, आणि सगळ्यात मागे एक कार्ड, जे तिनं आजवर कुणाला दाखवलं नव्हतं. लपवलं होतं असंही नाही. स्टोअरमधून जिन्नस जाताना दिसला की तो लिहायचा, मग नेणारा कोणी का असेना, एवढंच तिला ठाऊक होतं. कार्डावर वर लिहिलं होतं, वीजकाच.

ते तिनं गठ्ठ्यातून वर काढलं.

“माझी जादूगारीण एक पाऊल पुढे टाकते,” ती म्हणाली.

“ताई, मरशील,” धाकटी म्हणाली. “मी दयामाया दाखवणार नाही हं.”

“नको दाखवूस. करू दे तिला मंत्र. पण आधी मला सांग, वज्रपाताला साहित्य काय लागतं?”

“वीजकाच. एका मंत्राला एक तुकडा.”

“आणि तिच्याकडे वीजकाच आली कुठून?”

धाकटीच्या कपाळावर बारीक आठी पडली. “मठातून चोरली. तिसऱ्या बैठकीत सांगितलं होतं मी.”

“काय सांगितलं होतंस, ते माझ्याकडे जसंच्या तसं आहे.” थोरलीनं चष्मा नाकावर सरकवला. “‘वाळूवर वीज पडली की वीजकाच होते. शंभर वर्षं झाली, त्या वाळवंटावर वीज पडलेली नाही. जगात आठच तुकडे उरले होते आणि आठही तिनं नेले.’ आवक आठ.”

 वाळू पडत होती. धाकटीनं हात पुढे करून घड्याळ आडवं केलं, आणि सूत्रधारानं घड्याळ आडवं करणं ही दोन वर्षांत पहिलीच वेळ होती.

“म्हणजे तू आत्याबाईचं कार्ड ठेवलंस?” तिनं विचारलं.

“नियम सगळ्यांना सारखे,” थोरली म्हणाली. “झाकणावर तुझंच अक्षर आहे.”

शिंप्यानं झाकण उचलून तो कागद मोठ्यानं वाचला आणि मांडीवर थाप मारली. “लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सांगा बाई, जावक किती?”

थोरली बोट ठेवत वाचू लागली. खेचर, पाचवी बैठक. मास्तरांचा पहिला योद्धा, नववी. पूल. बुरूज. तिचा आवाज चढत गेला आणि शिंपी बोटं दुमडत तिच्याबरोबर मोजत गेला. दीपस्तंभ. मास्तरांचा दुसरा योद्धा. राजाचा भाऊ. आणि तिथे कार्ड संपलं.

“सात,” शिंपी म्हणाला.

“सात,” थोरली म्हणाली.

शिल्लक एक. एक तुकडा तिघांना पुरून उरला असता. तिनं कार्ड उलटं करून पाहिलं, मागची बाजू कोरी. धाकटीनं सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. ती काही वाईट नव्हती, पण हा शेवट तिनं महिनाभर घासूनपुसून तयार केला होता.

“छान होता प्रयत्न, ताई,” ती हळुवारपणे म्हणाली. “पण एक आहे तिच्याकडे. तू पाऊल टाकलं आहेस.”

“थांब.” थोरली आता गंधक-मधाच्या कार्डांवरचे बैठकांचे क्रमांक बघत होती. एकतीस वर्षांची सवय आकड्यावर थांबू देईना. शिल्लक जुळली तरी ओळी सलग आहेत का ते बघायचं, हे तिनं नव्या पोरींना शिकवलं होतं. “तिसाव्या बैठकीनंतर एकदम बत्तिसावी आहे. एकतिसाव्या बैठकीची नोंदच नाही. कुठल्याच कार्डावर नाही.”

“तेव्हा तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं,” धाकटी म्हणाली. “तू नव्हतीस.”

“नव्हते. म्हणून मी सगळं डॉक्टरांकडे सोपवून गेले होते. म्हटलं, तेवढी एक दुपार लिहा.”

सगळ्यांनी दंतवैद्याकडे पाहिलं. शिंप्यानं तर कपाळाला हात लावला. बोक्याला दुधाच्या राखणीला बसवल्यासारखंच होतं ते. थोरलीलाही तेव्हा ठाऊक होतं की हा माणूस काही लिहिणार नाही, आणि परत आल्यावर तिनं विचारलंही नव्हतं. स्टोअर सोडून गेलेल्या माणसाची चूक ती हीच. परत आल्यावर मोजायचं असतं.

दंतवैद्याचे कान लाल झाले होते. त्यानं फासे ठेवायची आपली मखमली थैली उचलली, आत दोन बोटं घातली आणि घडी घातलेलं एक कार्ड बाहेर काढलं. पेशंटला पुढची तारीख लिहून देतात, तसलं. ते त्यानं थोरलीपुढे ठेवलं आणि खिडकीबाहेर बघू लागला.

कार्डाच्या मागे बारीक, एकसारख्या अक्षरात ओळी होत्या. ते डॉक्टरचं अक्षर असूनही वाचता येत होतं, यावरून किती जपून लिहिलं असेल ते समजावं. बैठक एकतिसावी. गंधक, जावक दोन. मध, जावक एक. मेण, परत जमा एक. आणि सगळ्यात खाली, चौकटीत: शत्रूकडील वीजकाच, जावक एक. मंत्र फसला. फासा १.

थोरलीनं ते दोनदा वाचलं. “तुम्ही लिहिलंत,” ती म्हणाली. “शत्रूचंसुद्धा लिहिलंत.”

“तुमचं कार्ड डब्यात दिसलं होतं,” दंतवैद्य खिडकीशीच बोलला. “सुरुवात केली आणि मग सुटेना. मजा आली. आता दोन वर्षं शंख केल्यावर ते कोणत्या तोंडानं द्यायचं?”

“आठवलं,” शिंपी ओरडलाच. “माझ्यावरच बोट रोखलं होतं तिनं. धाकट्या बाईंचा फासा एकवर पडला, नुसता धूर निघाला, आणि मी पळालो.”

“एक मिनिट.” धाकटी आता टेबलावर वाकली होती. लढल्याशिवाय ती ऐकणार नव्हती. त्या दोघींच्या घरात कुणीच ऐकत नाही. “तो मंत्र फसला होता. झालाच नाही. फसलेला मंत्र कसा मोजणार?”

मग दंतवैद्य वळला. दोन वर्षांनी त्याचा दिवस आला होता.

“माझं गंधक मोजलं होतंस,” तो म्हणाला. “अर्धा तास भांडलो होतो मी. मंत्र फसला तरी साहित्य गेलं. मास्तर, वाचा हो झाकण.”

शिंप्यानं झाकण वाचलं. गरज नव्हती, तरी दोनदा वाचलं.

“पण मला मोजायचं सुचलं असतं,” धाकटी म्हणाली, “तर तिनं एक तुकडा आजसाठी राखून ठेवला असता.”

“आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,” दंतवैद्य म्हणाला.

आधी शिंपी फुटला. मग सगळेच. धाकटी हसता हसता खुर्चीत मागे पडली, डोळे पुसले, आणि मग हळूहळू सरळ झाली. तिनं आडवं घड्याळ उभं केलं. बसस्थानकाचा तो आवाज परत आला.

“आत्याबाई बोट रोखते,” ती म्हणाली. “शब्द उच्चारते. दुसरा हात कमरेच्या बटव्यात घालते. बटवा चाचपते. पुन्हा चाचपते.” ती थांबली. “बटवा रिकामा आहे. तिच्या तोंडावरचा रंग उडतो. दोन वर्षांत पहिल्यांदा ती एक पाऊल मागे सरते.”

 इस्पितळात थोरलीनं कितीदा वेळेवर औषध पोहोचवलं होतं, कितीदा तिच्या एका कार्डामुळे कुणाचं तरी ऑपरेशन अडायचं वाचलं होतं. ते कुणी पाहिलं नव्हतं. हे तिघांनी पाहिलं होतं.

“आता सोडू नका तिला,” शिंपी म्हणाला. त्याचा योद्धा तलवार उपसून धावला, फासा तेरावर पडला, दाढ नकाशाच्या कडेपर्यंत मागे गेली. आता पाळी दंतवैद्याची. त्याची बोटं सवयीनं फाशाकडे गेली आणि मध्येच थांबली.

“बाई,” त्यानं विचारलं, “गंधक किती शिल्लक आहे?”

दोन वर्षांत हा प्रश्न त्यानं केला नव्हता.

“दोन.”

“एक मिळेल?”

थोरलीनं पिवळं बटण त्याच्यासमोर ठेवलं. मग गंधकाचं कार्ड त्याच्याकडे वळवलं, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन पुढे केलं. दंतवैद्यानं चष्मा सारखा केला आणि सही केली. ती काही वाचता येण्याजोगी नव्हती, पण सही होती. मग त्यानं फासा दोन्ही हातांत घोळवला, त्यावर फुंकर मारली आणि टाकला. वीस. दाढ नकाशावरून उडून मासिकांच्या ढिगात पडली आणि शिंप्यानं एवढ्या मोठ्यानं आरोळी दिली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमीन ठोकली.

मग चौघं बराच वेळ एकाच वेळी बोलत होते. मध्येच दंतवैद्याला आठवण झाली.

“आणि पुढच्या डावाच्या मोजदादीचं काय ठरलं?” त्यानं इतक्या गंभीरपणे विचारलं, जणू ती हरकत दुसऱ्याच कुणाची होती.

 धाकटीनं ढिगातून दाढ शोधून काढली, पदरानं पुसली आणि टेबलावर ठेवली. मग बहिणीपुढे हात पसरला.

“ताई, मला एक कोरं कार्ड दे,” ती म्हणाली. “पुढच्या डावात शत्रूचा साठा मीच लिहिणार आहे. परत अशी पकडली जाणार नाही.”

थोरलीनं पिशवीत खोल हात घातला, गठ्ठा वर काढला आणि दोरीची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट होती, त्यामुळे जरा वेळ लागला.

“पन्नास आहेत,” ती म्हणाली. “लागतील तेवढी घे. पण सही करून.”